दोन्हीकडचे श्रोते चिडले म्हणजे भाग निष्पक्ष झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याहून गुन्ह्यांच्या खटल्यांवर मराठी पॉडकास्ट चालवणाऱ्या दोघांनी एका खून खटल्यावर पाऊण तासाचा भाग केला. सत्र न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली आहे आणि अपील हायकोर्टात प्रलंबित आहे. भाग आल्यावर काही श्रोते म्हणाले, ‘आरोपीची तळी उचलली.’ काही म्हणाले, ‘पोलिसांनी सांगितलं तेच वाचून दाखवलं.’ दोन्हीकडून बोलणी बसतायत म्हणजे आपण बरोबर मध्यावर आहोत असं धरायचं का, आणि या मतांचं करायचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

मध्यावर आहात असं अजिबात धरू नका. पाऊण तासाच्या भागात बाराव्या मिनिटाला तुम्ही पोलिसांकडे झुकलेले असू शकता आणि चौतिसाव्या मिनिटाला आरोपीकडे. मग दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. एक चूक दुसरीला फेडत नाही. तक्रारी किती आल्या हे मोजण्यापेक्षा श्रोत्याचं मत तुमच्या कोणत्या वाक्यावर, कोणत्या आवाजावर बनलं हे शोधा. मत पुराव्यावर बनलं असेल तर तो कितीही चिडला तरी चालेल. पण ते पार्श्वसंगीतावर किंवा निवेदकाच्या उसाशावर बनलं असेल, तर तो खूश असला तरी भाग चुकलेला आहे.

आधी एक साधी एक्सेल शीट करा. तारीख, भाग, मिनिट-सेकंद, श्रोत्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, आपण कोणत्या कागदाशी ताडून पाहिलं आणि काय ठरवलं, एवढे रकाने पुरतात. नुसतं ‘एकतर्फी आहे’ असं लिहिणाऱ्याला उत्तरात विचारा, ‘कितव्या मिनिटाला खटकलं?’ बरेच जण पुढे बोलत नाहीत. जे मिनिट सांगतात त्यांचं म्हणणं शब्दन् शब्द तपासा, मग भाषा कितीही कडवट असो. तारखेची, नात्याची, कलमाची चूक दाखवणारी टिप्पणी त्याच दिवशी हाताळायची. ‘अमुक साक्षीदाराचं नावच घेतलं नाही’ ही वगळल्याची तक्रार असते आणि ती निकालपत्र उघडल्याशिवाय सुटत नाही. सुराबद्दलच्या तक्रारीसाठी मात्र कागद उपयोगाचा नाही, ते मिनिट पुन्हा ऐकावं लागतं.

आकड्यांवर विसंबू नका. आपल्याकडे आरोपीच्या किंवा मयताच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पडली की एका रात्रीत पन्नास टिप्पण्या येतात. ओळखायला सोपं आहे: वाक्यं एकाच धाटणीची असतात आणि भाग येऊन दहा मिनिटंही झालेली नसताना ‘पूर्ण ऐकला, पक्षपाती आहे’ असं लिहिलेलं असतं. अशा पन्नास टिप्पण्यांची शीटमध्ये एकच नोंद. मात्र त्यात एखादा ‘त्या दिवशी तो कारखान्यावर होता, हजेरीपट कोर्टात दिलाय’ असं म्हणत असेल, तर ती माहिती वेगळी काढून तपासा. नातेवाईक पक्षपाती असतो, पण त्याला खटल्यातला कागद तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

आता मुख्य काम, प्रसिद्ध करण्याआधीची चाचणी. पाच-सहा जणांना कच्चा भाग ऐकवा. सगळे आपल्याच कट्ट्यावरचे नकोत. बचाव पक्षाची कामं करणारा एक वकील, वेगवेगळ्या समाजांतले दोघे, किमान दोन स्त्रिया आणि ज्याला हे प्रकरण मुळीच माहीत नाही असा एक जण हवा. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतील. प्रत्येकाकडून दोन गोष्टी लिहून घ्या: आरोपी दोषी वाटतो का, आणि कशावरून. खरी माहिती दुसऱ्या उत्तरात असते. ‘शर्टावर रक्त सापडलं’ असं उत्तर आलं तर तो पुरावा आहे. ‘तो अंत्यविधीला रडला नाही’, ‘त्याचा आवाजच तसा होता’ किंवा ‘तिथे म्युझिक थांबलं’ अशी उत्तरं आली तर ती जागा कापायची किंवा पुन्हा लिहायची. सहापैकी दोघांनी असं कारण दिलं तरी पुरेसं समजा.

हे वाक्याच्या पातळीवर कसं दिसतं त्यासाठी एक रचलेला नमुना घ्या. भागाच्या संहितेत (वाचायच्या मजकुरात) असं लिहिलेलं असतं: ‘रात्री साडेअकराला तो मळ्यातल्या घरी परतला. विहिरीवर हातावरचं रक्त धुतलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने झोपी गेला.’ ऐकायला पकड घेतं. आता निकालपत्र लावून बघा. शेजारच्या वस्तीवरच्या साक्षीदाराने एवढंच सांगितलंय, की साडेअकराच्या सुमारास आरोपी विहिरीकडे जाताना दिसला. रक्ताबद्दल तो काही बोललेला नाही. विहिरीजवळून जप्त केलेल्या शर्टावर माणसाचं रक्त असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे, पण रक्तगट निश्चित झालेला नाही. चेहऱ्याचं तर कुणीच काही सांगितलेलं नाही. म्हणजे दोन वाक्यांत एक साक्ष, एक अहवाल आणि दोन कल्पना मिसळल्या. दुरुस्त रूप असं: ‘शेजारच्या वस्तीवरच्या साक्षीदाराने कोर्टात सांगितलं, की साडेअकराच्या सुमारास आरोपी विहिरीकडे जाताना दिसला. विहिरीजवळ जप्त केलेल्या शर्टावर माणसाचं रक्त होतं, असा प्रयोगशाळेचा अहवाल आहे. ते रक्त कोणत्या गटाचं हे मात्र ठरवता आलं नाही.’ पकड कमी होत नाही. उलट श्रोता स्वतः विचार करू लागतो.

छापील मजकुरात वाचक मागे जाऊन ‘हे कोण म्हणतंय?’ ते बघू शकतो. कानाने ऐकणारा बस चालवत असतो किंवा भाकरी थापत असतो, तो मागे जात नाही. म्हणून सुरुवातीला एकदा ‘सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार’ म्हणायचं आणि पुढची पाच मिनिटं घटना डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायची, हे चालणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला पुन्हा आधार सांगा आणि तो वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. ‘त्याने गळा दाबला, असं पोलीस म्हणतात’ या वाक्यात गळा आधीच दाबून झालेला असतो.

‘कबुली’ ही दुसरी धोक्याची जागा. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 25 हेच सांगत होतं, आता तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. अशा जबाबातून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा ग्राह्य धरता येतो. ‘आरोपीने पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला’ हे वाक्य स्थानिक बातम्यांत रोज येतं आणि तिथून पॉडकास्टमध्ये उचललं जातं. श्रोत्याच्या दृष्टीने तिथेच खटला संपतो. सांगायचंच असेल तर ही कबुली कोर्टात ग्राह्य नसते, हे त्याच दमात सांगा. दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली कबुली वेगळी, तिचा वेगळा उल्लेख करा.

‘पोलिसांनी सांगितलं तेच वाचलं’ या तक्रारीला आपल्याच जिल्ह्यांतली दोन उदाहरणं पुरावीत. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत लूटमारीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण कोठडीतून पळून गेला, असं पोलिसांनी आधी सांगितलं. पुढे उघड झालं, की तो पोलीस ठाण्यातच मरण पावला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला होता. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. जून 2022 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातले नऊ जण मृत सापडले, तेव्हा पहिले काही दिवस कर्ज आणि सावकारीला कंटाळून सामूहिक आत्महत्या, अशीच मांडणी सगळीकडे होती. आठवडाभरात पोलिसांनी गुप्तधनाच्या नादातून विष देऊन हत्या झाल्याचा आरोप ठेवून दोघांना अटक केली. पहिल्या चार दिवसांत ‘सावकारीचा फास’ असा भाग काढणाऱ्याच्या हाती काय उरलं असतं? ताज्या प्रकरणावर भाग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत तरी थांबा. आरोपी कोठडीत असेल तर ते गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत यावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो.

कागदांचा क्रम लक्षात ठेवा. फिर्याद म्हणजे एका माणसाने पहिल्या दिवशी सांगितलेली हकिगत. संवेदनशील प्रकरणं सोडून फिर्यादी 24 तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात, असं सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलं, त्यामुळे ती सहज मिळते आणि म्हणूनच अर्धे भाग नुसत्या फिर्यादीवर उभे असतात. दोषारोपपत्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. ते कुणी आणून दिलं तर कोणी दिलं, का दिलं आणि सगळी पानं दिली का, हे आधी विचारा. एका बाजूने निवडून दिलेली पानं हेच पक्षपाताचं मूळ असतं. सत्र न्यायालयाचं निकालपत्र ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की बहुतेक वेळा मिळतं. नाही मिळालं तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. तुम्ही खटल्यातले पक्षकार नसल्याने अर्जात कारण लिहून परवानगी मागावी लागते.

निकालपत्रात बहुतेक जण शिक्षेचं पान वाचतात. तुम्ही उलटतपासणीचा भाग आणि आरोपीचा जबाब वाचा. पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेल्या प्रत्येक गोष्टीवर विचारतात. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम 313 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 351. आरोपीचे नातेवाईक बोलायला तयार नसले तरी त्याची बाजू इथे न्यायालयाच्या नोंदीत असते. ‘दुसरी बाजू मिळाली नाही’ ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही. तरीही त्याच्या वकिलांना लेखी प्रश्न पाठवा, नेमके पाठवा आणि किमान दहा दिवस द्या. ‘त्यांनी बोलायला नकार दिला’ आणि ‘आमचा संपर्क झाला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे घडलं तेच भागात म्हणा.

एका निकालात सगळ्यांचं सारखं होत नाही, हेही श्रोते पकडतात. मूळच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झाला. त्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने 10 मे 2024 रोजी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. ‘दाभोलकर खटल्यातले आरोपी’ असं एका दमात पाचही जणांना म्हणणारं वाक्य कायद्यानेही चुकीचं आणि न्यायानेही. ‘संशयाचा फायदा मिळाला’ हे सांगतानाचा खवचट सूर तर हमखास येतो. मुक्तता ती मुक्तता. सूर सपाट ठेवा.

आता आवाज. संहितेतली अर्धी मेहनत इथे वाया जाते. आरोपीचा उल्लेख आला की खर्जातला घुमणारा स्वर आणि तपास अधिकारी आला की तबला-ड्रमची चढती लय, हे करू नका. संगीत सुरुवातीला, शेवटी आणि प्रकरण बदलताना ठेवा. साक्षीचं किंवा निकालाचं वाचन कोरडं असू द्या. बोलण्याखाली संगीत ठेवायचंच असेल तर आवाजापेक्षा 18 ते 20 डेसिबल खाली. मृत्यूच्या प्रसंगाला लागून जाहिरात टाकू नका. त्या जागेवर श्रोते जेवढे चिडतात तेवढे क्वचितच कशावर चिडत असतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

नाट्यवाचन करत असाल तर बोलीकडे बघा. कितीतरी भागांत फौजदारसाहेब प्रमाण मराठी बोलतात आणि आरोपी ‘म्या न्हाई केलं, मी घरला आलतो’ असं बोलतो. पोलिसांसमोरचे जबाब तर ठाण्यातल्या लेखनिकाच्या मराठीत लिहिलेले असतात. त्यामुळे ही बोली तुम्ही घातलेली असते. माण-खटावचा, जत-आटपाडीचा श्रोता हे ऐकतो तेव्हा गुन्हेगार आपल्यासारखा बोलतो एवढंच त्याच्यापर्यंत पोहोचतं. सगळ्यांना एकाच मराठीत वाचा, नाहीतर खऱ्या ध्वनिमुद्रणाशिवाय नाट्यवाचन करूच नका.

आडनाव आणि जात यांचंही तसंच. घटनेचा हेतूच जातीशी जोडलेला असेल, अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलेलं असेल, तर जात सांगावीच लागते, ती लपवणं हाही पक्षपात. एरवी तिचं काही काम नाही. ‘पारधी टोळी’ हा शब्दप्रयोग तर सरळ कापा. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी गावाबाहेरच्या पालावर दरोड्यानंतर पहिली धाड पडतेच. चार आरोपी असतील तर ‘चार आरोपी’ म्हणा.

कायद्याच्या ज्या रेषा ओलांडता येत नाहीत त्या थोडक्यात. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही सांगायचं नाही, ती हयात नसली तरी. नाव गाळून गाव, शाळा, वडिलांचा धंदा सांगितला तरी ओळख पटतेच, लहान गावात तर पहिल्या वाक्यातच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित मूल असेल तर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याचं कलम 23, आणि कायद्याशी संघर्षात आलेलं अल्पवयीन मूल असेल तर बालन्याय कायद्याचं कलम 74. तपास चालू असताना माध्यमांनी काय टाळावं याची यादी मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2021 च्या निकालात दिली आहे: चारित्र्यावर बोलणं, साक्षीदारांच्या मुलाखती, पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून मांडणं, गुन्ह्याचं दृश्य पुन्हा उभं करणं. निकाल टीव्ही वाहिन्यांबाबतचा आहे, पण संहिता तपासताना ती यादी शेजारी ठेवा.

साक्षीदारांना प्रसिद्धीचा धक्का कसा लागतो ते ऑस्ट्रेलियातल्या ‘द टीचर्स पेट’ने दाखवलं. 1982 मध्ये बेपत्ता झालेल्या स्त्रीवरचा हा पॉडकास्ट 2018 मध्ये आला, वर्षअखेरीस नवऱ्याला अटक झाली आणि 2019 मध्ये तिथे पॉडकास्ट ऐकण्यापासून काढून घ्यावा लागला. 2022 मध्ये ज्यूरीशिवाय (निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाशिवाय) एकट्या न्यायाधीशासमोर खटला चालून नवरा दोषी ठरला. पॉडकास्ट ऐकलेल्या साक्षीदारांच्या आठवणींवर त्याचा परिणाम झाला असेल का, हा प्रश्न न्यायाधीशांना तपासावा लागला. खटला उभा राहायचा असताना साक्षीदाराची मुलाखत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

याउलट, बाजू घेऊनही न्याय्य राहता येतं. अमेरिकेतल्या ‘इन द डार्क’च्या दुसऱ्या पर्वाने कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय माणसाचं प्रकरण घेतलं. एकाच गुन्ह्यासाठी त्याच्यावर सहा वेळा खटला चालला होता. सरकारी वकील ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळतात, हा आरोप पॉडकास्टवाल्यांनी नुसता बोलून दाखवला नाही. जुन्या खटल्यांच्या नोंदी काढून मोजलं, तर गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना वगळण्याचं प्रमाण चारपटीहून जास्त निघालं. जून 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, सप्टेंबर 2020 मध्ये आरोप मागे घेतले गेले. कोर्टाचा निकाल पॉडकास्टवर नव्हे, खटल्याच्या नोंदींवर झाला. पॉडकास्ट उघडपणे एका निष्कर्षाकडे जात होता, पण प्रत्येक पायरी श्रोत्याला तपासता येत होती.

हीच मोजदाद स्वतःच्या पॉडकास्टची करा. मागच्या वीस भागांची यादी काढून मयत स्त्री की पुरुष, राहणं शहरात की वस्तीवर, व्यवसाय काय आणि निकाल काय लागला, एवढं लिहा. सातारा-कराड-सांगलीतल्या बंगल्यांतली प्रकरणं भरपूर आणि ऊसतोडीच्या फडावरचा एकही मृत्यू नाही, असं निघालं तर ‘तुम्हाला गरिबाचं सोयरसुतक नाही’ म्हणणारा श्रोता बरोबर आहे. सगळे भाग शिक्षा झालेल्या खटल्यांचे असतील, तर पोलिसांचं नेहमी बरोबरच असतं हे तुम्ही न बोलता शिकवलंत. चार-पाच भागांमागे एक मुक्ततेचा घ्या.

चूक सापडली की दुरुस्तीची पद्धत ठरलेली हवी. ऑडिओ होस्टिंगवर फाइल बदलता येते, पण ज्यांनी आधी डाउनलोड केली त्यांच्याकडे जुनीच राहते. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही, चुकीचा तुकडा एडिटरमधून कापता येतो. म्हणून तुकडा कापा, वर्णनाच्या पहिल्याच ओळीत तारखेसह दुरुस्ती लिहा, तीच टिप्पणी पिन करा आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला बोला. गुपचूप कापू नका, श्रोत्याकडे जुन्या भागाचं रेकॉर्डिंग असतं.

तुमच्या त्या भागाचं म्हणाल, तर पुन्हा ऐकताना हातात दोन रंगांच्या पेन्सिली आणि छापलेली संहिता घ्या. कागदात आधार असलेल्या वाक्याखाली एक रंग, नसलेल्याखाली दुसरा. दुसऱ्या रंगाची वाक्यं कापा किंवा आधार जोडा. मयताच्या घरच्यांना भागाबद्दल आधी कळवलं नसेल तर आता कळवा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या. आणि अपिलावर लक्ष ठेवा. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा आणि सांगली हे जिल्हे हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत आले आहेत, तेव्हा अपिलाची स्थिती तिथेही तपासत जा. वर्णनात ‘अपील प्रलंबित’ ही ओळ आजच घाला. निकाल काहीही लागो, त्याच आठवड्यात तो भागाच्या सुरुवातीला जोडा, आणि मुक्तता झाली तर शीर्षकातला ‘खुनी’ हा शब्द त्याच दिवशी काढा. खरं तर अपील चालू आहे तोवर तो शीर्षकात असायलाच नको होता.